बिटाचा रस आणि माझ्यावरचा आळ

मी दुर्बीण बोलतेय, आणि आधी माझं गाऱ्हाणं ऐकून घ्या. माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. मी खरं तेच दाखवत होते आणि अख्खं ऑपरेशन थेटर म्हणत होतं, ही बिघडली. बिघडली म्हणे. माझी काच स्वच्छ, वायर धड, दिवा लख्ख. बिघडलं होतं ते भलतंच, भलत्याच ठिकाणी, एका काचेच्या बाटलीत. पण यंत्राला उलटून बोलता येत नाही, म्हणून जो येतो तो त्याच्यावर आळ घालून मोकळा होतो.

मी चांदण्या बघायची दुर्बीण नव्हे. पिकात रोही शिरला का हे माळ्यावर बसून बघतात, ती पण नव्हे. मी पोटात शिरणारी. लाटण्याएवढी लांब, करंगळीएवढी जाड, टोकाला डोळा, शेपटीला वायर, वायरीला टीव्ही, आणि हा सगळा संसार चाकाच्या ट्रॉलीवर. ‘दुर्बिणीनं ऑपरेशन झालं’ असं बायका एकमेकींना सांगतात ना, ती मी. त्यातही माझ्या बाकीच्या बहिणींना जमत नाही ते मला जमतं. माणसाच्या डोळ्याला न दिसणारा एक उजेड असतो. तो मी पाडते आणि तो मलाच दिसतो. माझा सगळा तोरा त्याच्यावर आहे, आणि तोरा मला भरपूर आहे.

जन्म समुद्रापलीकडचा. तिथलं काही आठवत नाही, खोक्यातच आले. डोळा उघडला तो लातूरला, बार्शी रोडवरच्या एका दवाखान्यात. समोर पुनम सिस्टर हातात हळदी-कुंकवाचं ताट घेऊन उभी आणि कंपनीचा इंजिनियर गुरुलिंग तिला दोन्ही हात पसरून अडवत होता.

“सिस्टर, काचेला कुंकू लावू नका.”

“मग कुठं लावू, चाकाला?”

“चाकाला लावा.”

तिनं चाकाला लावलं. नारळ बाहेर पायरीवर फोडला आणि खोबरं सगळ्यांना मिळालं, मला सोडून.

आता माझं काम सांगते, म्हणजे पुढची भानगड कळेल. बाईच्या पोटात डाव्या-उजव्या अंगाला दोन अंडाशयं असतात. तिथला कॅन्सर फार लबाड. तो एका जागी गोळा होऊन बसत नाही. दाणे फेकतो. राळ्याएवढे, खसखशीएवढे दाणे पोटाच्या पडद्यावर, आतड्याच्या घडीत, लिव्हरच्या मागं जाऊन बसतात. सर्जननं मोठा गोळा काढला आणि खसखस राहिली, तर तीच पुन्हा उगवते. पूर्वी काय करायचे? डोळे ताणायचे आणि बोटं फिरवायची, सुपातल्या डाळीत खडा चाचपावा तशी. आमच्या सर्जन विशाखा मॅडम नांदेडच्या, त्यांची बोटं अशी की मिटल्या डोळ्यांनी खडा काढतील. तरी खसखस ती खसखसच. बोटाला लागत नाही.

म्हणून माझ्या जोडीला एक रंगाचं औषध आलं. ऑपरेशनच्या आधी ते सलाईनमधून सोडतात. त्या दाण्यांना एका जीवनसत्त्वाची भारी हाव असते, फॉलिक ॲसिड त्याचं नाव. त्यासाठी ते दारं सताड उघडी टाकून बसतात. आमचा रंग फॉलिक ॲसिडचाच सदरा घालून जातो. दाणे म्हणतात, या या. तो आत शिरतो, मी वरून माझा उजेड पाडते, आणि दाणा टीव्हीवर हिरवागार चमकतो. लपलेला चोर स्वतःच हातात कंदील धरून उभा राहतो म्हणा ना.

फक्त एक पथ्य. लाल गोळी आपल्याकडं घरोघरी असते, रक्तवाढीची, दवाखान्यात फुकट मिळते ती. तिच्यात लोहाबरोबर फॉलिक ॲसिडही असतं. ती आधी पोटात गेली की दारं अडतात. लातूर-नांदेड एसटी फलाटाला लागली की माणसं चढायच्या आधी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. तसंच. गोळीनं रुमाल टाकले की माझा रंग बिचारा दांड्याला लोंबकळतो. म्हणून मॅडम प्रत्येकीला सांगायच्या, ऑपरेशनच्या आधी दोन दिवस लाल गोळी बंद.

पहिल्यांदा अर्धापूरच्या एका बाईच्या पोटात मी अशी चमकले की भूल देणारे डॉक्टर खुर्चीतून उठून बघायला आले. मग आली शिवकन्या.

रेणापूरच्या बाजूच्या एका खेड्यातली. पन्नाशीला टेकलेली, हाडं वर आलेली, आणि पोट मात्र पुढं. तिच्यावरही कुणी विश्वास ठेवला नव्हता. पोट फुगतंय म्हटलं तर म्हणाले गॅस. दोन घासांत पोट भरतंय म्हटलं तर म्हणाले वय झालं. ओवा झाला, सोडा झाला, पोट चोळून झालं. शेवटी नर्सिंग शिकणारी तिची लेक सृष्टी घरी आली, आईच्या पोटावर हात ठेवला आणि दुसऱ्याच दिवशी तिला सोनोग्राफीला घेऊन आली. मला ही शिवकन्या पहिल्या दिवसापासून आवडली. जिचं कुणी खरं मानत नाही ती माझ्या जातीची.

आमच्या थेटरात एक पद्धत आहे. बाईला टेबलावर घेतलं की ती भीतीनं लाकडासारखी ताठ होते. मग पुनम म्हणते, “मावशी, उखाणा घ्या.” झोपेचं इंजेक्शन सुरू होतं आणि उखाणाही. गंमत अशी की नवऱ्याच्या नावापर्यंत कुणीच पोचत नाही. आधी झोप लागते. किती बायकांचे नवरे असे अर्ध्या उखाण्यात लटकलेत, मला विचारा.

शिवकन्या म्हणाली, “मांजरेच्या काठाला हरभऱ्याची रास, दवाखान्यात आले तरी घराचाच ध्यास...” आणि झोपली.

तेव्हा नुसतं आत बघून रोग किती पसरलाय ते ठरवायचं होतं. मी आत गेले, उजेड पाडला. टीव्हीवर अंधार. कुठं कुठं विझत्या निखाऱ्यासारखं हिरवं, ते पण नसल्यात जमा.

“पुनम, हिला काय झालं?”

“कालपर्यंत चांगली होती, मॅडम.”

“बंद करून चालू करा.”

मला बंद केलं, चालू केलं. वायर उपसली, फुंकली, परत खोचली. एकानं ट्रॉलीला थाप मारली. थाप. मी काय शेतावरचा रेडिओ आहे? मी ओरडून सांगत होते, अगं बायांनो, माझा दिवा ठीक आहे, दाण्यांत रंगच नाही, कुणीतरी जागा धरल्यात. कोण ऐकतं. मॅडमनी साध्या उजेडात जेवढं दिसलं तेवढं पाहिलं, तुकडा तपासणीला काढला, पोट बंद केलं. रोग पसरलेला होता. आधी केमो द्यायची, दाणे आटले की मोठं ऑपरेशन करून झाडून काढायचं, असं ठरलं. आणि माझं ठरलं की मला बाहेर काढायचं.

थेटरबाहेरच्या पॅसेजमध्ये, चादरीखाली. गुरुलिंग नांदेडहून आज येतो, उद्या येतो. तोवर माझी जी शोभा झाली ती वैऱ्याची न होवो. कुणी टॉवेल वाळत घातला. कुणी माझी वायर उपसून त्या बोर्डात मोबाइल लावला. ट्रॉलीला मागं एक हूक आहे, त्याला येणारा-जाणारा डब्याची पिशवी अडकवायचा. एकदा माझ्या डोक्यावर केळीचा अख्खा घड होता. न दिसणारा उजेड बघणारी मी, आणि भाकरी-ठेच्याच्या वासात बसले.

पण पॅसेजमध्ये बसून एक झालं. माणसं बघायला मिळाली. केमोला आलेल्या बाया तिथंच बाकावर बसायच्या. शिवकन्या यायची, बरोबर नवरा. सिस्टर दारातून हाक मारायची, “शिवकन्याबाईंबरोबर कोण आहे? शेषेराव कोण?” आणि एक उंच, वाकलेला माणूस वर्गात उशिरा आलेल्या पोरासारखा उभा राहायचा. शिवकन्या काही त्याचं नाव घ्यायची नाही. ‘सृष्टीचे बाबा’ नाहीतर ‘मालक’. बायका सांगायच्या, ह्या मालकानं लग्नापासून स्वतःच्या हातानं माठातलं पाणी घेतलं नाही, पेला आयता लागतो. मी पण मनात म्हटलं, हा कसला आधार, ही तर घडी करून ठेवलेली छत्री.

तर ही छत्री दर खेपेला एक काचेची बाटली आणायची, पहिल्या ऑपरेशनच्या आधीपासूनच म्हणे. फडक्यात गुंडाळलेली, आत लालभडक. माझ्याच हुकाला अडकवायची.

“काय हाय त्याच्यात?” शेजारीण विचारायची.

“बिटाचा रस,” मालक जमिनीला सांगायचे. “मी केला.”

शिवकन्या एक घोट घ्यायची आणि तोंड वाकडं करायची. “लोखंड चाटल्यावाणी लागतंय.”

“बीट तसलंच असतंय.”

ती बघायची त्याच्याकडं. मग डोळे मिटून सगळा रस संपवायची, तळाचा गाळ सुद्धा. मी तो गाळ पाहिला. बिटाला असल्या लाल टरफलाच्या चिपा नसतात. मी चादरीखाली थयथयाट करत होते. वायरच खोचलेली नव्हती, काय करणार.

शेवटी गुरुलिंग उगवला. त्यानं स्टीलच्या वाटीत रंगाचा थेंब टाकला आणि मला चालू केलं. वाटी अशी पेटली की बास.

“मशीन ठीक आहे, मॅडम.”

“सगळे कंपनीवाले हेच म्हणतात,” विशाखा मॅडम म्हणाल्या. पण वाटी त्यांनी स्वतः हातात घेतली, माझ्यासमोर इकडं-तिकडं हलवली, आणि वाटीकडं बघतच राहिल्या. “मग रंग दाण्यांपर्यंत पोचला नाही. कामून नाही पोचला?” हुशार बाई, उत्तर तिनंच काढलं. तडक बाकाशी आली.

“शिवकन्याबाई, लाल गोळ्या घेतल्या होत्या का?”

“मी एक गोळी गिळली न्हाई, मॅडम. सृष्टीची शप्पथ.”

हे खरंच होतं. तिनं गिळली नव्हती.

“मग कुणीतरी खाऊ घातल्यात. घरून काय काय येतं तुम्हाला?”

झालं. पॅसेजमधल्या सगळ्या माना एकाच बाजूला वळल्या. तिथं शिवकन्येची थोरली नणंद नीलाबाई बसली होती, नायगावहून आलेली, मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा. ही बाई दर खेपेला लाडू आणायची आणि त्यात काय काय टाकलंय ते सांगायची नाही, म्हणायची घराण्याची रीत आहे. सृष्टी आधीच घाबरलेली. ती म्हणाली, “आत्या, लाडवात गोळ्या कुटून घातल्या का तू?”

“मी? अगं मी तुझ्या आईला मारायला आले का तारायला?”

“मग काय घालती ते सांग की.”

“सांगत न्हाई. जा.”

पुनमनं न विचारता एक लाडू उचलला, चावला, डोळे मिटले. “गूळ हाय, डिंक हाय, खोबरं हाय. गोळी काय लागत न्हाई.” आणि खात्री करायला दुसरा घेतला. पण संशय हा गोचिडासारखा, झटकला तरी चिकटतो. नीलाबाईनं डब्याचं झाकण असं लावलं की मी हादरले. “भावाच्या बायकूसाठी नायगावहून उठून येते मी. आता माझं पाणी पण नको तुम्हाला.” गेली ती. लाडू मात्र पुनमपाशी ठेवून गेली.

मॅडमनी हुकूम काढला: मोठ्या ऑपरेशनच्या आधी शिवकन्या वॉर्डात येऊन राहील, आणि बाहेरचा कण आत जाणार नाही.

सगळे पांगल्यावर बाकावर दोघंच राहिली, आणि मी.

“काय घातलं होतं त्याच्यात?” शिवकन्येनं विचारलं.

“बीट.”

“अन्?”

“गूळ.”

“अन्?”

मालक छताकडं बघून राहिले. मग म्हणाले, “लाल गोळ्या. गावातल्या आशाताईकडून आणल्या होत्या. मॅडम म्हणल्या ना, रक्त कमी हाय.”

“त्याच्या पुढचं काय म्हणल्या मॅडम?”

“पुढचं ऐकलंच न्हाई. तुझं रक्त कमी म्हणल्यावर माझे कानच बंद झाले.”

“मला कामून न्हाई सांगितलं?”

“गोळी म्हटली की तू थुंकती. सृष्टीच्या टायमाला पाहिलंय मी.”

 मला वाटलं आता शिवकन्येचा भडका उडणार. तिच्या खांद्यांना असे हादरे बसायला लागले की मला कळेना, रडतीय का काय. हसत होती. तोंडात पदर कोंबून हसत होती. “कुटल्या कशानं?”

“खलबत्त्यात.”

“खलबत्ता कुठं असतो ते ठावं हाय तुम्हाला?”

“हुडकला.”

मग हसू थांबलं. “अन् अक्का? त्या बिचारीवर आळ आलाय.”

“मी सांगतो मॅडमला,” असं म्हणून मालक उठले, मॅडमच्या दारापर्यंत गेले, दारावर हात ठेवला, आणि आतून “कोण?” आलं तशी विचारलं, “पिण्याचं पाणी कुठं हाय?”

परत आले. शिवकन्या म्हणाली, “ऱ्हाऊ द्या. मीच बघते.” पण तिच्याही तोंडून निघेना. चारचौघांत मॅडम ह्या माणसाला फाडून खातील, ते तिला बघवणार नव्हतं. तिकडं नणंद रुसलेली, इकडं नवरा. आणि मधे मी, जिच्या पाठीवर अजून कुणाचा तरी टॉवेल.

शिवकन्या वॉर्डात आल्यावर सवयीनं मालक बाटली घेऊन आलेच. ह्या खेपेला नुसतं बीट. तरी सिस्टरनं दारातच अडवलं. आतून शिवकन्येनं लेकीपाशी निरोप धाडला, “बाबांना म्हण, तुम्हीच प्या.” त्यांनी बाकावर बसून घोट घेतला. त्यांचं तोंड मी पाहिलं. नुसत्या बिटाला इतकी चव आहे हे त्यांना तेव्हा कळलं.

ऑपरेशनच्या दिवशी नीलाबाई आली. न बोलावता आली, बाकाच्या पार टोकाला बसली, सगळ्यांकडं पाठ करून. मी मात्र आत. न्हाऊन, पुसून, वायरीसकट. चाकाचं कुंकू पुनमनं नवं लावलं होतं.

“मावशी, उखाणा घ्या. मागल्या बारीला नाव राहिलंय.”

शिवकन्येनं सगळ्यांकडं पाहिलं. मॅडमकडं जरा जास्त वेळ. मग इंजेक्शन सुरू झालं तशी म्हणाली,

“काचेच्या बाटलीत बिटाचा रस, कुणाला नव्हता ठाव,
दुर्बिणीवर आळ घालून धुंडाळला सारा गाव,
नणंद माझी सोन्यावाणी, तिच्यावर कशाला घाव...”

आणि झोपली.

 भूल देणारे डॉक्टर म्हणाले, “अर्धा मिनिट थांबलो असतो तर काय बिघडलं असतं.” पुनम दारात जाऊन बाहेरच्या आयाबाईंना म्हणाली, “नीलाबाईंना चहा द्या. अन् म्हणावं, लाडू लई चांगले होते.”

मग पोट उघडून मला वरून धरलं, आणि मी उजेड पाडला.

काय सांगू. सिद्धेश्वराच्या जत्रेत रहाटपाळण्याला एकदम दिवे लागावेत तसं. इथं हिरवं, तिथं हिरवं, पडद्यावर, घडीत, कोपऱ्यात. मी नाचत होते, माझी वायर नाचत होती. मॅडम एकेक दाणा टिपत होत्या आणि मी पुढचा दाखवत होते. आतड्याचा एक भाग चमकला, तर मॅडम म्हणाल्या, हा निरोगी असला तरी चमकतोच, त्याला हात लावू नका. बरोबर आहे. मी दाखवते, ठरवायचं त्यांनी. मी काही देव नाही, थोडीशीच कमी आहे.

आणि मग लिव्हरच्या मागं, अगदी सांदीत, एक ठिपका. हाताखालची डॉक्टर म्हणाली, “मॅडम, इथं काहीच लागत नाही बोटाला.” मॅडमनी स्वतः बोट फिरवलं. त्यांनाही लागलं नाही. साध्या दिव्यात बघितलं. काही नाही. पुन्हा माझ्याकडं बघितलं. मी चमकवतच होते, जीव खाऊन.

“दुर्बीण म्हणतेय ना,” मॅडम म्हणाल्या, “मग काढायचं.”

ऐकलंत? दुर्बीण म्हणतेय. पुढं रिपोर्ट आला, तो दाणा खराच होता, आणि मागं डोळ्याला दिसेल असं काही राहिलं नव्हतं. पण मला रिपोर्टची गरज नव्हती. मला त्या दोन शब्दांतच माझं सगळं मिळालं.

आता मी थेटरातच असते. माझ्या हुकाला कुणी पिशवी लावत नाही, पुनम लावू देत नाही. शिवकन्येचे औषधाचे डोस अजून चालू आहेत, तपासणीला येते, दारातून मला हात करते. पुढं काय होईल ते मला दिसत नाही, तेवढा माझा उजेड पोचत नाही. पण तुम्हा बायांना एक सांगून ठेवते. पोट फुगायला लागलं, दोन घासांत भरायला लागलं आणि दोन-तीन आठवडे तसंच राहिलं, तर ओवा चावत बसू नका. घरचे गॅस म्हणू देत, वय म्हणू देत. तुमचं पोट तुम्हाला कळतं. उठा आणि डॉक्टरांना दाखवा. आणि डॉक्टर सांगतात ते पुढचं-मागचं सगळं ऐका, नुसतं अर्धं नको.

राहिलं त्या चोराचं नाव. सिस्टरच्या हाकेत ते तुम्ही ऐकलंय, पण ज्या बाईनं घ्यायचं तिच्या आधी मी कसं घेऊ?

तर त्या दिवशी टाके पडले. भूल उतरायला लागली. तोंडातली नळी काढली. शिवकन्येच्या पापण्या हलल्या. “मावशी, झालं ऑपरेशन, डोळे उघडा,” पुनम म्हणाली. सगळे टेबलाभोवती वाकले होते, मॅडम हातमोजे सुद्धा न काढता, आणि मी माझ्या डोळ्यानिशी. तिनं डोळे उघडले नाहीत. ओठ चाटले. आणि जिथं उखाणा सोडला होता तिथूनच, मधे काही घडलंच नाही अशा सुरात, पुढं म्हणाली,

“जन्मात एकदा चुलीशी गेला, त्या चोराचं घेते नाव,
माझा शेषेराव.”